नित्याचा कॅमेरा

आमच्या आप्पांना जाऊन गेल्या पौषांत तीन वर्षें झालीं. त्यांच्या आठवणींची एक लहानशी वही छापून आप्तेष्टांस द्यावी असें घरांत ठरलें, आणि तींत घालावयाचे फोटो निवडण्याचें काम मजकडे आलें. दोन कपाटें, एक ट्रंक व संगणकांतील सारीं दालनें धुंडाळून मीं आप्पांचे एकुणपन्नास फोटो जमविले. लग्नांतले, मुंजींतले, वास्तुशांतींतले, सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशींचे. कोठें अंगावर शाल, कोठें हातीं नारळ. बहुतेकांत ते पाटावर नाहीं तर खुर्चीवर बसलेले आहेत. पण आप्पा म्हटले कीं आम्हां सर्वांच्या डोळ्यांपुढें जें उभें राहतें, तें त्या एकुणपन्नासांत कोठेंच नाहीं. सकाळीं साडेसहाला दोन कापडी पिशव्या काखेंत मारून मंडईकडे निघालेले, तुळशीबागेच्या दाराशीं क्षणभर थांबून हात जोडणारे, आणि भाजीवालीशीं मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालून अखेरीस तिनें सांगितलेलाच भाव देणारे आप्पा! चाळीस वर्षें हा क्रम अव्याहत चालला. त्या चाळीस वर्षांत आमच्या घरीं कोणाजवळ ना कोणाजवळ कॅमेरा होताच. परंतु त्या वाटेवर त्यांच्यासोबत तो एकदांहि गेला नाहीं.

आतां ती वाटहि तशी राहिली नाहीं. आमचा वाडा पाडून तेथें सहा मजली इमारत झाली, आणि शेजारच्या वाड्याच्या ओट्यावर, जेथें आप्पा परततांना पिशव्या टेंकून दम खात, मोटारी उभ्या राहतात.

असें कां झालें, ह्याचा मीं बराच विचार केला. त्याचें एक उत्तर कपाटांत होतें. सहस्रचंद्रदर्शनाच्या वेळीं मीं हौसेनें एक मोठा कॅमेरा घेतला होता. त्याचें झूम भिंग, जादा बॅटरी, विजेचा दिवा व चामडी पिशवी मिळून दोन किलोंच्या वर वजन भरे. त्याचे फोटो उत्तम येत, ह्यांत शंका नाहीं. परंतु तो बाहेर काढावयाचा म्हणजे कांहीं तरी कार्य असावें लागे. कोथिंबीर आणावयास जातांना दोन किलोंचें ओझें गळ्यांत अडकविणारा मनुष्य माझ्या पाहण्यांत नाहीं. आणि अडकविलेंच, तर रस्त्यांतील प्रत्येक जण आपली चर्या सावरून उभा राहतो. मग जें टिपावयाचें तें राहतें, आणि मिळतो तो सहस्रचंद्रदर्शनाचाच आणखी एक फोटो.

ह्याच सुमारास दादांचा मुलगा, माझा पुतण्या, पहिल्या वर्षाचा बोनस हातीं पडतांच कॅमेरा घेण्याच्या विचारांत मजकडे आला. रस्त्यांतील जीवन टिपण्याचा त्याला नाद लागला आहे. त्यानें पसंत केलेलें यंत्र माझ्या कपाटांतील यंत्राचेंच नवें भावंड होतें. “काका, ह्याच्यांत सगळें आहे,” तो म्हणाला. मीं त्याला कपाट उघडून दाखविलें. त्यानंतर जें बोलणें झालें, व दोन महिने दोघांनीं मिळून जी चौकशी केली, तिचा सारांश येथें देत आहें. अनेक घरीं हाच प्रश्न ह्याच स्वरूपांत येत असेल.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं लहान कॅमेरा म्हणजे मोठ्या कॅमेऱ्याची गरीब आवृत्ति, हा समज इतिहासाला धरून नाहीं. जर्मनींतील वेट्झलार गांवीं लाइट्झ ह्यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यांत ऑस्कर बार्नाक नांवाचा एक यंत्रज्ञ होता. त्याला दम्याची व्यथा होती. डोंगरांत फिरावें, फोटो काढावे ही आवड. पण कांचेच्या तावदानांचा जड कॅमेरा व तिकाटणें वाहून नेणें त्याच्या छातीला झेपेना. तेव्हां चलच्चित्रांसाठीं निघालेली ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म आडवी धरून तिच्यावर २४ बाय ३६ मिलिमीटरचें चित्र उमटविणारें एक चिमुकलें यंत्र त्यानें १९१३-१४ च्या सुमारास स्वतःसाठीं बनविलें. मध्यंतरीं महायुद्ध आलें. अखेर १९२५ मध्यें लाइप्झिगच्या जत्रेंत तें ‘लायका’ ह्या नांवानें लोकांपुढें मांडण्यांत आलें. आज ज्याला छायाचित्रकार मोठ्या कौतुकानें ‘फुल फ्रेम’ म्हणतात, तें माप मूळचें एका दमेकऱ्याच्या सोयीचें माप आहे!

त्या यंत्राचें खरें सामर्थ्य ओळखलें तें आंरी कार्तिये-ब्रेसाँ ह्या फ्रेंच गृहस्थानें. १९३२ च्या सुमारास त्याच्या हातीं लायका आला, आणि पुढें बहुतेक सर्व काम त्यानें ५० मिलिमीटरच्या एकाच भिंगावर केलें. चकाकी लोकांच्या डोळ्यांत भरूं नये म्हणून कॅमेऱ्याच्या चंदेरी भागांवर तो काळी पट्टी चिकटवी. आपल्या देशाशीं ह्या लहान यंत्राचा संबंध फार दुःखद प्रसंगीं आला आहे. ३० जानेवारी १९४८ रोजीं हा मनुष्य दिल्लीस होता व त्याच दिवशीं गांधीजींना भेटून गेला होता. त्या रात्रीं बिर्ला भवनाच्या फाटकाशीं उभे राहून पंडित नेहरू जमलेल्या लोकांना ती वार्ता सांगत आहेत, हें त्याचें चित्र पुष्कळांनीं पाहिलें असेल. उजेड नाहीं, कडा स्पष्ट नाहींत, दिव्याचा झोत मागून येतो आहे. कोणत्याहि स्पर्धेंत परीक्षकांनीं गुण कापावे असें तें चित्र आहे. पण त्या रात्रीचें दुसरें कोणतेंहि चित्र माझ्या मनांत त्याच्या जवळपास येत नाहीं.

लहानपणापेक्षांहि नित्यपणा महत्त्वाचा, ह्याला दुसरें उदाहरण शिकागोच्या व्हिव्हियन मायर ह्या बाईचें देतां येईल. परक्यांचीं मुलें सांभाळण्याचा तिचा व्यवसाय. छातीशीं टांगलेला रोलायफ्लेक्स ती रस्त्यानें फिरतांना नेहमीं जवळ बाळगी. त्या कॅमेऱ्यांत वरून खालीं मान घालून पाहावें लागतें. त्यामुळें समोरच्याला आपल्यावर कोणी रोंखून पाहत आहे असें वाटत नाहीं. तिच्या मागें लाखाच्या वर निगेटिव्हें सांपडलीं. २००७ मध्यें गुदामाचें भाडें थकल्यामुळें तिच्या पेट्या लिलांवांत निघाल्या नसत्या, तर जगाला तिचें नांवहि कळलें नसतें. आणि २००९ मध्यें ती वारली, तेव्हां आपल्या कामाचें पुढें काय होणार आहे ह्याची तिला कल्पना नव्हती.

आमच्या घरचा पहिला कॅमेरा आगफा क्लिक थ्री. बडोद्यास बनणारें हें यंत्र एके काळीं मध्यम स्थितींतील कित्येक घरांत असे. बारा फोटोंची फिल्म, जवळजवळ कांहींहि जुळवावयाचें नाहीं. उन्हांत उभें राहावें व खटका दाबावा. आप्पांनीं तो सहलींना नेला, मंडईंत कधीं नेला नाहीं. फिल्म महाग, एकेका फोटोचा हिशेब. मेथीच्या जुडीवर तो कोण खर्च करणार? ती अडचण आतां उरलेली नाहीं, हें आमच्या पिढीच्या लक्षांत मात्र फार उशिरां आलें.

आतां निवडीकडे वळूं. पुतण्याला मीं पहिली कसोटी सांगितली ती खिशाची. झब्ब्याच्या वा पँटीच्या खिशांत यंत्र राहतें कीं नाहीं? राहत नसेल, तर निदान भाजीच्या पिशवींत, कोणाच्या लक्षांत न येतां राहतें कीं नाहीं? ही कसोटी दिसते तितकी भोळी नाहीं. यंत्राचें भिंग लांब असलें, कीं तें खिशांत मावत नाहीं. म्हणून लांबचें जवळ आणणारें झूम येथें बहुधा बाद होतें. तें बाद होण्यांत तोटा तर नाहींच. झूम हातीं असलें कीं मनुष्य रस्त्याच्या पलीकडे उभा राहून इकडचें टिपूं पाहतो. तें चोरून पाहिल्यासारखें दिसतें, चित्रांतहि तसेंच उतरतें.

एकच ठराविक भिंग घ्यावयाचें, तर कोणतें? फुल फ्रेमच्या हिशेबानें २८, ३५ व ५० मिलिमीटर अशीं तीन प्रचलित मापें आहेत. त्यांच्या दृष्टीचा कोन, कर्णाच्या दिशेनें मोजला तर, अनुक्रमें सुमारें ७५, ६३ व ४७ अंश भरतो. पुण्यांतील पेठांच्या बोळांत मागें सरकावयास जागा नसते. पाठ भिंतीला टेंकते. तेथें ५० चें भिंग अपुरें पडतें. माणूस येतो, पण त्याच्या मागचें दुकान, पाटी, ओटा सुटतो. २८ च्या भिंगांत सारें मावतें, परंतु दोन हातांवर जाऊन उभें राहण्याचें धैर्य लागतें. नाहीं तर रस्ता मोठा व माणसें मुंगीएवढीं होतात. संकोची स्वभावाच्या मनुष्यानें ३५ किंवा ४० पासून आरंभ करावा असें माझें मत आहे.

दुसरी गोष्ट मला स्वतःला फार उशिरां समजली, म्हणून ती थोडी विस्तारानें सांगतों. कॅमेऱ्यानें आपण होऊन केंद्र साधण्यांत अर्धा क्षण जातो, आणि रस्त्यांतील प्रसंग त्या अर्ध्या क्षणांतच संपतो. जुन्या लोकांची ह्यावर एक युक्ति होती. अंतर आधींच अडीच मीटरवर ठरवून ठेवावयाचें आणि भिंगाचें छिद्र लहान करावयाचें. २८ च्या मापाचें भिंग व मध्यम आकाराचा, म्हणजे सुमारें १६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर असेल, तर एफ ८ ह्या छिद्रावर सुमारें सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सर्व कांहीं पुरेसें स्पष्ट येतें. कॅमेऱ्यानें विचार करावयाचा उरतच नाहीं. आपण पाहिलें, बोट दाबलें, झालें. तेंच छिद्र एफ २.८ इतकें मोठें केलें, तर स्पष्टपणाचा पट्टा पावणेदोन मीटरपासून सव्वाचार मीटरपर्यंत आंखडतो. म्हणून संध्याकाळीं अंतराचा अंदाज अधिक नेमका लागतो. आमच्या घरांतील मुलांनीं दिवाणखान्यांत फूटपट्टी घेऊन अडीच मीटर कितपत लांब दिसतें ह्याचा सराव केला; चार दिवसांत अंदाज बसला. चालता माणूस हलूं नये म्हणून शटरचा वेग एका सेकंदाच्या अडीचशाव्या भागाइतका ठेवावा, आणि उजेड कमी असल्यास संवेदनशीलतेचा आंकडा खुशाल वाढूं द्यावा. चित्रांत थोडे कण दिसतील. दिसेनात.

ही युक्ति ज्या यंत्रांत सुलभ आहे अशीं फार नाहींत. जपानच्या रिको कंपनीचें जीआर घराणें त्यांत अग्रगण्य होय. १९९६ मध्यें फिल्मवर चालणारा जीआर १ आला. २००५ पासून डिजिटल. दाइदो मोरियामा हा जपानी छायाचित्रकार ह्याच घराण्यांतील लहान यंत्रें घेऊन तोक्योच्या गल्ल्या वर्षानुवर्षें हिंडत आला. २०१९ चा जीआर ३ बॅटरीसकट २५७ ग्रॅम भरतो, म्हणजे पाव किलो साखरेच्या पुड्याएवढा. भिंग २८ मापाचें. २०२१ मध्यें ४० मापाचें भावंड निघालें, व २०२५ मध्यें जीआर ४. ठरविलेल्या अंतरावर झटक्यांत जाण्याची सोय त्यांत बटनावरच आहे. दोषहि सांगितले पाहिजेत. डोळा लावून पाहावयाची खिडकी नाहीं, त्यामुळें उन्हांत पाठीवरील पडदा नीट दिसत नाहीं. जीआर ३ ची बॅटरी दोनशें फोटोंच्या आसपास संपते. भिंग आंत-बाहेर होत असल्यानें धूळ आंत शिरण्याची तक्रार पुष्कळ जण करतात, आणि आपल्याकडील धुळीचें वर्णन मीं करावयास नको. जुना घ्यावयाचा झाल्यास छिद्र सर्वांत लहान करून पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढावा; त्यांत काळे ठिपके दिसले तर दुकानदारास नमस्कार करून बाहेर पडावें.

दुसरें घराणें फुजीफिल्मच्या एक्स १०० चें. पहिला २०११ मध्यें विक्रीस आला, सहावा २०२४ मध्यें. ह्यांत ३५ मापाचें, एफ २ चें भिंग आहे, शटर अगदीं हळुवार वाजतें, आणि पाहण्याची खिडकी उत्कृष्ट आहे: चौकटीच्या बाहेरून कोण येत आहे तेंहि तींतून दिसतें. वजन ५२१ ग्रॅम. तो खिशांत मावत नाहीं, खांद्यावर मावतो. दिसावयास इतका देखणा आहे कीं लोक थांबून त्याचीच चौकशी करतात, आणि मला तर हा त्याचा दोषच वाटतो. दोन्हींपैकीं एकहि स्वस्त नाहीं; नव्यासाठीं लाखाच्या आसपास वा पुष्कळ पुढें जावें लागतें.

येथें वहिनींनीं मध्येंच विचारलें, “भाऊजी, फोन प्रत्येकाच्या हातांत आहेच कीं. मग हा खर्च कशाला?” प्रश्न रास्त होता, आणि मला निरुत्तर करणाराहि होता. आप्पा मंडईला जात त्या शेवटच्या दहा वर्षांत माझ्या खिशांत उत्तम फोन होता. तरी फोटो नाहींच. फोन बाहेर काढला कीं त्यांत आधीं कोणाचा तरी निरोप दिसतो. तो वाचून होईपर्यंत आप्पा चौक ओलांडून गेलेले असत. शिवाय आजचे फोन चित्र आपल्या मनानें गुळगुळीत करून देतात, सुरकुत्यांना इस्त्री करतात. तरीसुद्धां माझें स्पष्ट मत सांगतों: ज्याला हा खर्च सहज झेपत नाहीं, त्यानें कर्ज काढून कॅमेरा घेऊं नये. फोनवर निरोप बंद करावे, एकच भिंग वापरण्याचा नेम करावा, आणि दोन महिने रोज एक फोटो काढून पाहावा. हा नेम टिकला तर कॅमेरा घेण्यांत अर्थ आहे. न टिकला तर लाख रुपये वांचले. पुतण्याला मीं हीच अट घातली होती. त्यानें ती पाळली, त्रेपन्न दिवस. सात दिवस बुडाले ते आजारपणांत.

यंत्र घरीं आल्यावर त्याला डब्यांत कोंडूं नये. मोठा कॅमेरा मीं चामडी पिशवींत घालून कपाटांत ठेविला, आणि तीन पावसाळ्यांत त्याच्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढली. चामडें ओल धरून ठेवतें. कोंकणांत किंवा मुंबईस राहणाऱ्यांनीं तर हवाबंद डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यांत कॅमेरा ठेवावा, आणि पुड्या मधून मधून वाळवाव्या. पण सर्वांत उत्तम म्हणजे तो रोज बाहेर काढावा. आमच्याकडे आतां त्याची जागा दाराजवळ, किल्ल्यांच्या खुंटीशेजारीं आहे.

रस्त्यांतील माणसें ही कांहीं प्रदर्शनांतील चित्रें नव्हत, हें तरुणांना सांगावें लागतें. फोटो काढल्यावर तो मनुष्य आपल्याकडे पाहील, तर आपणहि हंसून पाहावें; मान वळवून निघून जाऊं नये. कोणी नको म्हटलें तर फोटो त्याच्यादेखत पुसून टाकावा. लहान मूल असेल तर आईबापांस विचारावें. भीक मागणारा, रस्त्यावर निजलेला, रुग्णालयाच्या दाराशीं रडणारा, ह्यांचे फोटो काढणें सोपें असतें, कारण ते आपणांस हटकूं शकत नाहींत. तेवढ्याकरितांच ते काढूं नयेत असें माझें मत आहे. पुतण्याला हें पटलें नाहीं. “काका, मग दुःखाचा फोटो काढावयाचाच नाहीं का?” असें त्यानें विचारलें, आणि नेहरूंच्या त्या चित्राचाच दाखला माझ्यावर उलटविला. त्याचें उत्तर मजजवळ अर्धेंच आहे: तेथें सारा देश दुःखांत उभा होता आणि फोटो काढणारा त्या गर्दींतलाच एक होता. वाद अजून मिटलेला नाहीं.

दसऱ्याला त्यानें जीआर ३ घेतला, जुना, पांढऱ्या भिंतीची परीक्षा घेऊन. पहिल्याच रविवारीं तो आईबरोबर मंडईंत गेला. त्या दिवसाचे फोटो त्यानें रात्रीं मला दाखविले. एक मात्र तो पुढें ढकलीत होता. मीं मागें नेण्यास सांगितलें. वहिनी मेथीच्या ढिगाशीं वांकल्या आहेत, काखेंत रिकामी पिशवी, एका हाताचीं बोटें भाव सांगत वर उचललेलीं. भाजीवालीचा अर्धा चेहरा एका टोपलीआड गेला आहे, आणि ती हंसते आहे. “टोपली मधें आली, काका,” तो म्हणाला, “हा काढून टाकणार होतों.”

त्याची प्रत मीं आप्पांच्या वहीच्या शेवटच्या पानावर लाविली आहे. वहिनींनीं ती पाहून एवढेंच विचारलें, “माझी पिशवी इतकी फाटली आहे होय?” दुसऱ्या दिवशीं त्या नवी पिशवी घेऊन निघाल्या होत्या, पुतण्यानें जुनीच घ्यावयास लाविली.